कार्पेट क्लीनिंगचा व्यवसाय: मशीन घेण्याआधी पद्धती समजून घ्या



"सर, सोफा-कार्पेट क्लीनिंगचं काम सुरू करायचंय, मशीन कोणती घेऊ?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. व्हिडिओमध्ये आपण या कामाची ओळख करून घेतली, पण सफाईच्या पद्धतींची तुलना तिथे घाईत उरकावी लागली. म्हणून हा लेख. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी हिशोबही करायचा आहे.

आधी एक किस्सा सांगतो. आपल्याच एका बॅचमधल्या मुलाने घरच्यांकडून उसने पैसे घेऊन गरम पाण्याची एक्स्ट्रॅक्शन मशीन घेतली. मशीन चांगली होती, मुलगाही कष्टाळू. तिसऱ्याच आठवड्यात एका सोसायटीतल्या काकूंनी त्याला बोलावलं. "अरे बाळा, हा सिल्कचा गालिचा आहे, लेकीने पाठवलाय. गणपतीच्या आधी जरा स्वच्छ करून दे." त्याने नेहमीसारखं गरम पाणी मारलं, ब्रश फिरवला, पाणी ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. गालिच्याची लव चिकटून आडवी झाली होती, चमक गेली होती आणि पांढऱ्या भागावर पिवळट छटा आली होती.

तो गालिचा खऱ्या सिल्कचा नव्हताच. व्हिस्कोसचा होता. काकूंनी आरडाओरडा केला नाही, पण त्याने स्वतःहून हप्त्याहप्त्याने भरपाई दिली. त्या सोसायटीतून पुढे एकही काम आलं नाही, ते वेगळंच.

मशीनमध्ये दोष नव्हता, मेहनतीत नव्हता. चूक एवढीच की त्याला एकच पद्धत येत होती आणि ती त्याने समोर येईल त्या गालिच्यावर वापरली. म्हणून आजचा धडा: आधी गालिचा ओळखा, मग तो वाळायला किती वेळ मिळणार आहे ते बघा, त्यावरून पद्धत ठरवा आणि मशीन सगळ्यात शेवटी घ्या.

१. गालिचा ओळखायला शिका

आपल्याकडे घरांमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट फार कमी. ते ऑफिस, थिएटर, हॉटेलच्या हॉलमध्ये जास्त. घरात सापडतात ते सुटे गालिचे, सतरंज्या आणि पायपुसणी. त्यांचं सूत साधारण असं असतं:

पॉलीप्रॉपिलीन, पॉलिएस्टर, नायलॉन: मशीनवर बनलेले बहुतेक गालिचे यातलेच. पाणी सहन करतात, लवकर वाळतात. पॉलीप्रॉपिलीन मात्र तेल धरून ठेवतं, त्यामुळे स्वयंपाकघराजवळचा डाग चिवट निघतो. नवशिक्याने सुरुवात यांच्यापासून करावी.

लोकर: भदोही-मिर्झापूरकडून येणारे हाताने विणलेले गालिचे बहुधा लोकरीचे. लोकर मजबूत असते, पण सोड्यासारखं तीव्र अल्कधर्मी रसायन आणि कडक गरम पाणी तिला चालत नाही. शॅम्पूच्या डब्यावर पीएच बघा, तो ८ च्या वर नको. आणखी एक गोष्ट: लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पोटात ठेवूनही हाताला कोरडी लागते. त्यामुळे फक्त हात लावून "वाळला" म्हणू नका.

व्हिस्कोस: बाजारात "आर्ट सिल्क", "बांबू सिल्क" अशा नावांनी विकलं जातं. दिसायला झकास, पण ओलं झालं की कमजोर पडतं, लव चिकटते आणि पिवळं पडतं. काकूंचा गालिचा हाच.

ताग (ज्यूट): जास्त पाणी लागलं आणि सावकाश वाळला, की तपकिरी डाग वर येतात. धुण्याआधी नसलेला डाग धुतल्यावर दिसतो. तो ग्राहकाला समजावून सांगणं फार अवघड.

सुती सतरंजी: धुता येते, पण आटू शकते आणि रंग सोडू शकते.

ओळखायचं कसं? गालिचा उलटा करा. मागच्या बाजूला तीच नक्षी आणि बारीक गाठी दिसल्या तर तो हाताने विणलेला. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो हँड-टफ्टेड, म्हणजे लव आतून लॅटेक्स लावून धरलेली आहे. अशा गालिच्यात पाणी मुरलं तर लॅटेक्स सुटू लागतं आणि वास येतो. झालर वरून शिवलेली असेल तर बहुधा मशीनचा गालिचा.

सुताबद्दल शंका असेल तर जळण्याची चाचणी घ्या. ग्राहकाची परवानगी घेऊन मागच्या बाजूचा किंवा झालरीचा एखादा धागा काढायचा, घराबाहेर स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून पेटवायचा. एक सांभाळा: झालर बऱ्याचदा सुती असते, म्हणून शक्यतो लवेचाच धागा घ्या. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर लोकर किंवा खरं सिल्क. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती, ताग किंवा व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. "सिल्क" म्हणून दिलेल्या गालिच्याचा धागा कागदासारखा जळला, की तुमच्या डोक्यात धोक्याची घंटा वाजलीच पाहिजे. त्या मुलाने ही दोन मिनिटांची चाचणी केली असती तर नुकसान टळलं असतं.

दुसरी चाचणी रंगाची. पांढरं कापड तुमच्याच शॅम्पूच्या पाण्यात भिजवा आणि कोपऱ्यातल्या प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. कापडावर रंग उतरला तर ओल्या पद्धतीचं काम घेऊ नका. लाल आणि गडद निळा रंग आधी तपासा.

२. पद्धती आणि त्यांचे गुण-दोष

कोरडा व्हॅक्यूम. ही पहिली पायरी, आणि नवीन मुलं नेमकी हीच टाळतात. गालिच्यातला बहुतांश मळ म्हणजे धूळ, माती, वाळू आणि केस. तो कोरडाच निघतो. त्यावर पाणी पडलं की त्याचा चिखल होतो आणि तो आणखी खाली बसतो. दोन्ही बाजूंनी, सावकाश, उभा-आडवा व्हॅक्यूम करा. जमत असेल तिथे गालिचा आधी उलटा टाकून मागून थापटा. आपल्या आज्या सतरंजी दोरीवर टाकून काठीने झोडायच्या ना, त्यामागचं कारण हेच.

शॅम्पू आणि ब्रश. आपल्याकडची सगळ्यात प्रचलित पद्धत. फेस लावायचा, हाताने किंवा फिरत्या ब्रशने घासायचं, मग वेट-ड्राय व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. भांडवल कमी लागतं आणि मळ चांगला सुटतो. दोष असा की शॅम्पू थोडा तरी आत राहतो. तो चिकट असतो, त्यावर नवी धूळ बसते आणि महिन्याभरात ग्राहकाचा फोन येतो, "दादा, परत काळा पडला की हो!" बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर हा त्रास वाढतो. उपाय साधा आहे: शॅम्पू डब्यावर लिहिलंय तेवढाच, आणि शेवटी साध्या पाण्याचा हलका फवारा मारून पुन्हा ओढून घ्यायचं.

गरम पाण्याची एक्स्ट्रॅक्शन. लोक हिला "स्टीम क्लीनिंग" म्हणतात, पण यात वाफ नसते. मशीन गरम पाणी दाबाने आत मारते आणि लगेच मळासकट ओढून घेते. खोलवर सफाईसाठी ही उत्तम, कारण मळ आणि रसायन दोन्ही बाहेर निघतं. सिंथेटिक कार्पेट आणि कापडी सोफ्यासाठी छान. लोकरीवर कोमट पाणी आणि सौम्य शॅम्पू घेऊन जपून. व्हिस्कोस, ताग आणि हँड-टफ्टेडवर नको.

हिचं सगळं यश पाणी परत ओढण्यात आहे. पाण्याचा एक हात मारला की कोरडे ओढण्याचे दोन-तीन हात मारा. घाईत हे ओढणं कमी होतं आणि गालिचा आतून ओला राहतो. तळाचा मळ मग पाण्याबरोबर धाग्यातून वर चढतो, आणि काल गेलेला डाग आज पुन्हा दिसतो. ग्राहकाला वाटतं तुम्ही फसवलं.

खरी वाफ मारणारी छोटी मशीनही मिळते. टाइल्स आणि बाथरूमसाठी ती ठीक. गालिच्यातला मळ ती बाहेर ओढत नाही, आणि लोकरीला इतकी उष्णता सोसत नाही.

एन्कॅप्स्युलेशन. नाव मोठं आहे, काम सोपं आहे. या द्रावणात असं पॉलिमर असतं जे मळाच्या कणांभोवती वाळून ठिसूळ खडा बनतं. हलका फवारा मारायचा, ब्रश फिरवायचा, वाळू द्यायचं आणि व्हॅक्यूमने खडे ओढायचे. पाणी फार कमी लागतं, एक-दोन तासांत कार्पेट वापरता येतं. ऑफिसच्या कार्पेटला हिच्यासारखी सोय नाही. पण वर्षानुवर्षं न धुतलेला, तेलकट गालिचा असेल तर ही अपुरी पडते.

पॅडची पद्धत. फिरत्या मशीनखाली ओलसर सुती पॅड लावून वरचा मळ पुसून घ्यायचा. काम झटपट होतं, पण स्वच्छता वरवरची. पॅड कोरडा पडला किंवा मशीन एका जागी थांबली तर लव पिळवटते. घरातल्या चांगल्या गालिच्यावर मी ही सुचवत नाही.

पूर्ण धुलाई. गालिचा उचलून आपल्या जागेवर न्यायचा, भरपूर पाण्याने धुवायचा, निथळवायचा आणि वाळवायचा. हाताने विणलेल्या लोकरीच्या गालिच्याची, रंग पक्का असेल तर, सगळ्यात खरी सफाई हीच. पण त्यासाठी जागा, पाणी, निचरा आणि सावलीत वारं लागतं. गावाकडे अंगण-पडवी असलेल्यांनी याचा जरूर विचार करावा. शहरात सुरुवातीला हे काम एखाद्या अनुभवी धुलाईवाल्याकडे द्या आणि ने-आण करण्याचे पैसे कमवा.

३. वाळण्याचा वेळ विसरू नका

साधारण अंदाज असा: एन्कॅप्स्युलेशन आणि पॅड, एक ते दोन तास. नीट केलेली एक्स्ट्रॅक्शन, सहा तासांपासून एका दिवसापर्यंत. शॅम्पू, तुम्ही किती पाणी ओढलं त्यावर. पण हे सगळं कोरड्या हवेत. जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात हवाच ओली असते, तिथे एक्स्ट्रॅक्शन केलेला गालिचा दोन दिवस ओलसर राहू शकतो. गालिचा २४ ते ४८ तासांपेक्षा जास्त ओला राहिला की कुबट वास आणि बुरशीची भीती सुरू होते.

म्हणून तीन नियम पाळा. पहिला, ब्लोअर किंवा मोठा पंखा बरोबर न्या. त्याशिवाय ओलं काम घेऊ नका. दुसरा, काम झाल्यावर गालिचा फरशीवर तसाच सोडू नका. खुर्च्यांवर किंवा स्टँडवर टाका, म्हणजे खालूनही वारं लागेल. लाकडी फ्लोअरिंग असेल तर हे सक्तीचं समजा. तिसरा, वाळला की नाही ते मागच्या बाजूने तपासायला ग्राहकाला शिकवा: पांढरा टिश्यू पेपर ठेवायचा, त्यावर वजन ठेवायचं, दहा मिनिटांनी बघायचं. टिश्यू ओलसर झाला तर गालिचा अजून ओला आहे.

पावसाळ्यात ओली कामं कमी घ्या, कोरडा व्हॅक्यूम आणि कमी पाण्याच्या पद्धती पुढे करा. खरा हंगाम दिवाळीआधीच्या साफसफाईचा, त्याची तयारी पावसाळ्यातच करा.

४. डागांबद्दल थोडक्यात

हळद: साबण किंवा सोडा लागला की हळदीचा डाग लाल होतो आणि ग्राहक घाबरतो. सौम्य द्रावणाने टिपून घ्या. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो, त्यामुळे उरलेल्या डागाला थोडं ऊन दाखवता आलं तर मदत होते.

चहा: घासू नका, टिपून घ्या. अल्कधर्मी साबण टाळा, व्हिनेगरचं पातळ पाणी वापरा. आधी कोपऱ्यात चाचणी हवीच.

तेल: आधी कोरड्या कापडाने टिपा, मग भांड्यांच्या लिक्विड साबणाचं अगदी पातळ पाणी.

पाळीव कुत्र्या-मांजरांची लघवी: त्यासाठी एन्झाइमचं क्लीनर लागतं. आत मुरलेला वास वरच्या सफाईने जात नाही, हे आधीच सांगा.

घरगुती उपायांच्या व्हिडिओत खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात. फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती फारसं काही उरत नाही. ब्लीच तर लोकरीच्या आसपासही नेऊ नका, ते लोकर खाऊन टाकतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

५. आता हिशोब

आकडे उदाहरणादाखल घेतोय. तुमच्या गावातले भाव विचारून तुमचे आकडे घाला.

समजा एका कामाचे सरासरी ९०० रुपये मिळतात. रसायनं ६०, पेट्रोल १२०, मदतनीस २५०. एकूण खर्च ४३०. हातात उरले ४७०. यात तुमची स्वतःची मजुरी अजून धरलेली नाही, हे लक्षात ठेवा.

एक्स्ट्रॅक्शन मशीन ४५,००० ची घेतली, तर ४५,००० भागिले ४७०, म्हणजे जवळपास ९६ कामं झाल्यावर मशीनचे पैसे सुटतील. त्याऐवजी वेट-ड्राय व्हॅक्यूम, स्प्रे पंप, दोन-तीन ब्रश आणि छोटा ब्लोअर असा १५,००० चा संच घेतला, तर ३२ कामांत सुटतील.

आता काकूंचा गालिचा आठवा. समजा तो २५,००० चा होता. २५,००० भागिले ४७०, म्हणजे ५३ कामांची कमाई एका दुपारीत गेली. रोज एक काम मिळालं तरी जवळजवळ दोन महिने तो मुलगा फुकट राबला. म्हणूनच म्हणतो, या धंद्यात "हे काम मी घेत नाही" असं म्हणता येणं हेसुद्धा कमाईचंच काम आहे. आणि ते म्हणताना संकोच नको. "काकू, हा व्हिस्कोसचा आहे. पाणी लावलं तर बिघडेल. मी फक्त कोरडा व्हॅक्यूम करून देतो, त्याचे एवढे होतील." असं सांगितलं की लोक रागवत नाहीत. उलट हा मुलगा जाणकार आहे, असं शेजारी सांगतात.

६. मग सुरुवात कुठून करायची?

पहिले तीन महिने छोटा संच, आणि कामं फक्त सिंथेटिक गालिचे आणि कापडी सोफे. सोफ्याचं कापडही आधी तपासायचंच. सराव आधी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या जुन्या गालिच्यांवर करा. ३०-३५ कामं झाली, संचाचे पैसे सुटले, की बघा तुमच्याकडे मागणी कशाची येते. घरं आणि सोफे जास्त असतील तर एक्स्ट्रॅक्शन मशीन घ्या. ऑफिसची कामं येत असतील तर एन्कॅप्स्युलेशनकडे वळा.

मशीन घेताना वॅट बघा. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर साधारण १,३८० वॅटपर्यंतच भार चालतो (६ गुणिले २३०). हीटर असलेल्या मशीनला बहुधा १६ अँपिअरचा प्लग लागतो, आणि तो हॉलमध्ये असेलच असं नाही. बुकिंग घेतानाच फोनवर विचारा. दारात मशीन घेऊन उभं राहिल्यावर विचारू नका.

आणि प्रत्येक कामाआधी एक साधा कागद भरा: गालिच्याचं माप, सूत, आधीचे डाग आणि फाटलेली जागा, वापरणार ती पद्धत, वाळायला लागणारा वेळ, ठरलेले पैसे. चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, ग्राहकाची सही घ्या. यात अविश्वास काही नाही, दवाखान्यात तपासणीआधी केसपेपर काढतात तसंच हे.

७. गृहपाठ

एक: तुमच्या घरातले आणि शेजारच्या चार घरांतले गालिचे उलटे करून बघा. कोणता हाताने विणलेला, कोणता टफ्टेड, कोणता मशीनचा, ते वहीत लिहा.

दोन: घरातल्या एका जुन्या सिंथेटिक गालिच्याच्या अर्ध्या भागावर शॅम्पू करून नुसतं ओढून घ्या. दुसऱ्या अर्ध्यावर शॅम्पूनंतर साध्या पाण्याचा फवारा मारून पुन्हा ओढा. किती वेळात वाळला ते लिहा, आणि महिन्याने कोणता भाग जास्त मळला तेही बघा.

तीन: वरचा हिशोब तुमच्या गावच्या भावाने मांडा. किती कामांत पैसे सुटतात, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

त्या मुलाचं पुढे काय झालं, विचाराल. तो आजही हेच काम करतो. मशीनच्या पेटीत आता एक स्टीलची ताटली, चिमटा आणि काडेपेटी असते. नवीन घरी गेला की मशीन दाराशीच ठेवतो आणि आधी गालिचा उलटा करून बघतो.

गृहपाठ करा, मगच मशीनच्या दुकानात जा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत कामाला लागा!